हवेची बंदूक आणि कारागिराचा हात

जत्रेत फुगे फोडण्याच्या दुकानापुढे उभे राहून ज्याने कधी छर्‍याची बंदूक खांद्याला लावली नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. चार पैसे टाकावेत, बंदूक मधोमध मोडून छर्रा भरावा, नेम धरावा, आणि फुगा फुटला नाही तर दोष बंदुकीला द्यावा. (हा दोष पुष्कळदा खराही असतो. त्या नळ्या कोणीकडे वाकल्या आहेत हे दुकानदारालाच माहीत!) या ओळखीमुळे हवेची बंदूक म्हणजे पोरखेळ, खरी बंदूक ती दारूची, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. परंतु १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या बादशहाने आपल्या फौजेतील काही शिपायांच्या हाती जी बंदूक दिली, तिच्यात दारूचा कण नव्हता, ठिणगी नव्हती, धूर नव्हता. आणि तरीही शंभर पावलांवरचा माणूस तिने ठार होत असे. शिवाय एकदा भरली की ती वीस गोळ्या ओळीने झाडी. त्या काळच्या दारूच्या बंदुकीला दर गोळीमागे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासावी लागे, आणि मिनिटाला तीन-चार बार काढणारा शिपाई तरबेज समजला जाई.

कामगार चळवळीतल्या माणसाने बंदुकीवर बोलावे याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. एका स्नेह्यांनी तर विचारलेच, की तुमच्या हाती झेंडा शोभतो, बंदूक कशाला? आमचे उत्तर साधे आहे. आम्हांला बंदुकीपेक्षा ती करणार्‍या माणसात रस आहे. लहानशा कारखान्यात, एका वेळी एक, अशी हाताने घडवलेली जोरदार हवाबंदूक ही धातुकामातली फार अवघड वस्तू आहे, आणि तिच्या इतिहासात फिटर, लोहार, लेथवाला यांचे जे स्थान आहे, ते इतिहास लिहिणार्‍यांनी ओझरते सांगितले आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वर्कशॉपच्या दारात पुष्कळ झाले. त्यामुळे वस्तू पाहिली की ती कोणी केली आणि बिघडली तर कोण दुरुस्त करील, हाच प्रश्न आम्हांला आधी सुचतो.

हवेचा जोर कशात आहे हे समजायला पुस्तक नको, सायकलचा पंप पुरे. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा खाली लोटा. हवा दबते. दांडा सोडला की तो उसळून परत येतो. म्हणजे तुमच्या हातांचे कष्ट हवेने गिळले नाहीत. तिने ते ठेव म्हणून ठेवले आणि मागताच परत केले. बंदुकीतला सारा प्रकार एवढाच. ठेवीवर व्याज मात्र मिळत नाही, उलट दलाली कापली जाते. पंप गरम होतो तो या दलालीमुळे. घाईघाईने भरलेले हवेचे भांडे थंड झाले की त्यातला दाब थोडा उतरलेला दिसतो, याचे कारणही तेच.

आता हा पंप उघडून पाहा. आत दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो, वाटीसारखा, काठ खाली वळलेला. हा वायसर सुकला की दांडा वरखाली होतो, घाम निघतो, पण चाक फुगत नाही. मग आपण वायसरला तेलाचे दोन थेंब देतो, त्याचा काठ बोटाने बाहेर वळवतो, आणि पंप पुन्हा चालू लागतो. त्या वाटीची युक्ती अशी, की हवा जितकी दाबावी तितकी ती वाटीच्या काठाला आतून बाहेर ढकलते आणि काठ नळीच्या भिंतीला अधिकच घट्ट बसतो. म्हणजे हवा स्वतःच स्वतःचे दार लावून घेते. पण हे केव्हा? चामडे मऊ असेल, काठ एकसारखा असेल आणि नळीची भिंत गुळगुळीत असेल तेव्हा. तीनपैकी एक बिघडले की सारा खेळ संपला. हवाबंदुकीच्या चारशे वर्षांच्या इतिहासात हवा कमी पडली म्हणून कोणाचे अडले नाही. अडले ते नेहमी हवा कोंडून धरण्यापाशी.

सायकलच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोचा दाब असतो. ऑस्ट्रियाच्या त्या बंदुकीत तो पन्नासाच्या पुढे होता. पंपाने इतका दाब देणे म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दीड सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ होते जवळजवळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर. भांडे भरत आले की या तोंडावर पंचावन्न किलोच्या हिशेबाने शहाण्णव किलोचा भार येतो. साठ किलोचा शिपाई दांड्यावर उभा राहिला तरी दांडा खाली जाणार नाही! म्हणून दट्ट्या बारीक करावा लागतो. बारीक केला की एका फेरीत हवा थोडी जाते, आणि फेर्‍या वाढतात. त्या बंदुकीचे एक भांडे पूर्ण भरायला सुमारे १५०० फेर्‍या लागत. दोन माणसांनी आळीपाळीने केले तरी हे हमालीचेच काम.

ही बंदूक काढणार्‍याचे नाव बार्तोलोमेउस गिरार्डोनी. काही पुस्तकांत ते गिरांडोनी असेही छापतात. जन्म १७४४ चा, टायरॉलच्या डोंगराळ मुलखातला. पुढे तो व्हिएन्नाकडे येऊन स्थिरावला आणि १७९९ साली वारला. हवेची बंदूक ही कल्पना त्याची नव्हे. त्याच्या आधी दीडदोनशे वर्षे युरोपातील कारागीर अशा बंदुका सरदारांच्या शिकारीसाठी करीत होते. पण त्या दिवाणखान्यात मिरवण्याच्या वस्तू होत्या. शिपायाच्या खांद्यावर टिकेल अशी हवाबंदूक करणारा हा पहिला, आणि बादशहा दुसरा जोसेफ याने ती फौजेसाठी घेतली.

तिची रचना थोडक्यात सांगतो. लांबी चार फुटांच्या आसपास, वजन साडेचार किलोच्या घरात, म्हणजे साध्या शिपाई-बंदुकीएवढीच. नळीच्या आत पीळदार चरे, त्यामुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाई. नळीच्या बाजूला दुसरी एक नळी, आणि तिच्यात शिशाच्या वीस-बावीस गोळ्या ओळीने. बंदुकीचे तोंड किंचित वर करून एक आडवी खुंटी अंगठ्याने दाबली की गोळी घरंगळत खुंटीतल्या खोबणीत येई. अंगठा सोडला की कमान खुंटीला परत लोटी आणि गोळी नळीपुढे येऊन बसे. घोडा ओढा, चाप दाबा, झाले. गोळी भरण्यासाठी निजल्या जागेवरून उठायला नको. आणि खांद्याला टेकायचा जो दस्ता, तो लाकडी नव्हताच. तो पोकळ, निमुळता, लोखंडी, वर चामडे चढवलेला. तेच हवेचे भांडे. रिकामे झाले की आटे फिरवून काढायचे आणि दुसरे लावायचे.

हे भांडे करणे हीच खरी परीक्षा होती. आज आपल्याला सांधा नसलेली पोलादी नळी बाजारात मिळते, कारण ती यंत्राने ओढून काढतात. तेव्हा तशी नळी नव्हती. लोखंडी पत्रा ऐरणीवर ठोकून निमुळता गोल करायचा, सांध्यावर सांधा चढवून रिबिटा मारायच्या, आणि त्यांच्या फटींतून पितळेचा डाख असा उतरवायचा की कोठेही सुईच्या अग्राएवढी वाट राहू नये. ज्यांनी डाखाचे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, की पितळ जिथे पाहिजे तिथेच वाहावे यासाठी भट्टीचा रंग ओळखावा लागतो, आणि तो रंग सांगून शिकवता येत नाही. भट्टी थोडी थंड तर पितळ वरच थिजते. थोडी जास्त तापली तर पत्रा जळतो. राहिलेले बारीक भोक डोळ्यांना दिसत नाही. ते रात्री आपले काम करते, आणि सकाळी भांडे रिकामे.

दुसरी परीक्षा झडपेची. चाप दाबला की घोडा पडतो, एक दांडी झडपेला टोला देते, झडप क्षणापुरती उघडते, थोडी हवा गोळीच्या पाठीस लागते, आणि आतला दाबच झडप पुन्हा मिटवतो. यात एक गंमत आहे. भांडे पुरते भरलेले असता आतला दाब झडपेला जोराने मिटवून धरतो, म्हणून टोल्याने ती फार थोडा वेळ उघडते. दाब उतरला की तीच झडप त्याच टोल्याने अधिक वेळ उघडी राहते. पहिल्या गोळ्यांना दाट हवा थोडी, पुढच्या गोळ्यांना विरळ हवा अधिक. आणि त्यामुळे बर्‍याच गोळ्यांचा वेग सारखा राहतो. मात्र हा मेळ आपोआप बसत नाही. टोला देणारी कमान किती ताठ, झडपेमागची कमान किती ताठ, झडप किती उचलली जाते, हे सारे कानशीने आणि कानाने जुळवायचे. कानाने म्हणतो, कारण सुटलेल्या हवेचा आवाज ऐकून जाणता माणूस झडप कशी बसली ते ओळखतो. आमच्याकडचे जुने फिटर इंजिनाची झडप अशीच आवाजावरून लावतात. मीटर मागाहून पाहतात.

आता या बंदुकीचे फौजेत काय झाले ते पाहा. सुमारे दीड हजार नग झाले. प्रत्येक शिपायाला बंदुकीबरोबर दोन जादा भांडी, हातपंप आणि गोळ्या ओतायचा साचा मिळे. शिवाय भांडी भरण्यासाठी चाकांवरचे मोठे पंप होते. १७८८ साली सुरू झालेल्या तुर्कांवरील युद्धात तिचा उपयोग झाला. आणि १८१५ पर्यंत ती फौजेतून गेली. कारणे पुस्तकांत दिलेली आहेत: भांडी गळू लागली, चामडी सुकली, झडपा बिघडल्या, शिपायांना वेगळे शिक्षण द्यावे लागे, आणि दुरुस्ती करणारे जाणते कारागीर पुरेसे मिळेनात. त्यावरून बहुतेक लेखक निकाल देतात, की हत्यार नाजूक होते.

हा निकाल आम्हांला मान्य नाही. नाजूक तर घड्याळही असते. पण घड्याळजी गावात असला म्हणजे ते पन्नास वर्षे चालते. वरच्या यादीतले शेवटचे कारण पुन्हा वाचा. बाकीची सारी कारणे त्याच्या पोटात आहेत. चामडे सुकते हे चांभाराला नवीन नाही. ते ओले आणि तेलात ठेवायचे असते. झडप झिजते, ती पुन्हा घासून बसवायची असते. त्या काळी एका बंदुकीचा भाग दुसरीला सहज बसत नसे, प्रत्येक नग आपल्या कर्त्याच्या हाताचा. म्हणजे दीड हजार बंदुका घेणार्‍याने त्यांच्या मागे चालणारी कारागिरांची पलटणही उभी करायला हवी होती. यंत्राला पैसा आहे, पण यंत्र सांभाळणार्‍याला नाही, ही तक्रार घेऊन आम्ही आयुष्यभर मालकांची दारे ठोठावली. ती व्हिएन्नाच्या दरबारातही लागू पडते हे वाचून मौज वाटली.

आमच्या म्हणण्याला पुरावा आहे, आणि तो अमेरिकेतला. १८०३ साली अध्यक्ष जेफर्सन यांनी मेरिवेदर लुईस या कॅप्टनला पश्चिम समुद्रापर्यंतचा मार्ग शोधायला पाठवले. त्याच्या सामानात एक हवाबंदूक होती. ती कोणी केलेली, यावर अभ्यासकांत बरीच वर्षे वाद होता. पण ती प्रत्यक्ष पाहिलेल्या एका प्रवाशाच्या रोजनिशीत एका भरण्याला बावीस गोळ्यांचा उल्लेख सापडल्यावर पुष्कळांनी गिरार्डोनीच्या बाजूने कौल दिला. प्रवासाच्या आरंभीच, १८०३ च्या ऑगस्टअखेर, ओहायो नदीतल्या एका बेटावर लुईसने ती लोकांना दाखवायला काढली. बघणार्‍याच्या हातून ती अवचित उडाली, आणि चाळीस यार्डांवरच्या एका बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. बाई वाचली. हवेच्या बंदुकीला पोरखेळ म्हणणार्‍यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढे वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांच्या जमातींपुढे लुईस ही बंदूक मुद्दाम उडवून दाखवी. दारू नाही, धूर नाही, आणि गोळ्यांवर गोळ्या! अशा आणखी किती बंदुका होड्यांत असतील याचा अंदाज पाहणार्‍याला लागू नये, हा त्यातला डाव. त्या मंडळींच्या मागून पुढे कोण आले आणि त्या जमातींच्या जमिनींचे काय झाले, हा इतिहास निराळा आणि दुःखाचा आहे.

आमचे लक्ष आहे ते त्या टोळीतल्या जॉन शील्ड्स नावाच्या लोहाराकडे. १८०५ च्या जूनमध्ये, मिझुरी नदीच्या काठी, जवळच्या वस्तीपासून शेकडो मैल दूर, या हवाबंदुकीची मुख्य कमान त्याने नवी करून बसवली. दुकान नाही, बाजार नाही, गिरार्डोनी तर मरून गेलेला. लुईसने त्या दिवशी आपल्या रोजनिशीत नोंद केली, की हा माणूस कोणाही उस्तादाकडे रीतसर शिकलेला नाही, आपली हत्यारे बहुतेक स्वतःच करतो, लाकूड आणि धातू दोन्हींत उत्तम काम करतो, आणि आम्ही त्याचे फार ऋणी आहोत. १८०७ साली सरकारला पाठवलेल्या पत्रातही त्याने शील्ड्सचे नाव घेऊन शिफारस केली. ऑस्ट्रियाच्या फौजेला जी बंदूक डोईजड झाली, ती शील्ड्स होता म्हणून दोनअडीच वर्षे रानावनात, होड्यांत, बर्फात चालली. परवापरवा अमेरिकेतील दोन कारागिरांनी एक जुनी गिरार्डोनी बंदूक सुटी करून तिची हुबेहूब प्रतिकृती केली. तेव्हा जुन्या बंदुकीतली मुख्य कमान मूळची नसून कानशीच्या पोलादाची असावी, असे त्यांना दिसले. आणि ही लुईसचीच बंदूक असावी या तर्काला त्यामुळे बळ आले. नाव कोरलेले नव्हते, पण केलेले काम ओळखता आले.

त्यानंतर हवाबंदुकीने वेगळी वाट धरली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला बंदूक करणार्‍यांचा एक मोहल्लाच आहे. तिथे नळीवाला वेगळा, घोडा-चाप घासणारा वेगळा, लाकूडवाला वेगळा. घरामागच्या लहान खोल्यांतून उक्त्या दराने कामे चालत. १८६१ साली तिथल्याच बंदूकवाल्यांनी मिळून यंत्राने बंदुका करण्यासाठी बी.एस.ए. ही कंपनी काढली. लिंकन जेफ्रीज या बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्याने काढलेल्या नमुन्याची हवाबंदूक याच कंपनीने १९०५ पासून मोठ्या प्रमाणावर केली. ही जत्रेतल्या बंदुकीची जवळची नातलग. हिच्यात हवा साठवायचीच नाही. मजबूत कमान दाबून ठेवायची. चाप ओढला की कमान दट्ट्याला लोटते, आणि हवा त्या क्षणापुरती दाबली जाऊन छर्‍याला हाकलते. साठवण नाही म्हणजे गळती नाही. जोर बेताचा, पण किंमत मजुराला झेपणारी. मग इंग्लंडात गुत्त्यागुत्त्यांतून आणि कामगारांच्या क्लबांतून हवाबंदुकीचे संघ निघाले. पोलादी पत्र्याला बोटभर भोक, त्याच्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजे. आठवडाभर कानस चालवणारे हात शनिवारी तिथे जमत. या खेळावर आमचा लोभ आहे हे लपवीत नाही.

साठवलेल्या हवेची बंदूक परत आली ती एका रबरी कड्यामुळे. नील्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला यंत्रकार. गोल कडे, आणि ते बसण्यासाठी त्याहून किंचित लांब खोबण, अशा रचनेसाठी त्याने १९३७ साली पेटंटचा अर्ज केला, तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. आज याला ओ-रिंग म्हणतात. तुमच्या प्रेशर गेजपासून विमानापर्यंत ती सर्वत्र आहे. युक्ती मात्र पंपातल्या चामड्याच्या वाटीचीच: दाबच कड्याला फटीकडे लोटतो आणि फट बुजवतो. चामडे सुकण्याची कटकट गेली. पाणबुड्यांची दोन-तीनशे पट दाबाची हवेची टाकी सहज मिळू लागल्यावर १५०० फेर्‍यांची हमालीही गेली. इंग्लंडातील डेस्टेट ही कंपनी जनावरांना भुलीची सुई मारणार्‍या हवाबंदुका करता करता या धंद्यात शिरली. आज युरोप-अमेरिकेत अशी कितीतरी लहान वर्कशॉपे आहेत, जिथे एक-दोन माणसे गिर्‍हाइकाच्या मापाने एकेक बंदूक करतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर त्यांनी हरणाची शिकार करायलाही परवानगी आहे.

पण या कारागिराच्या टेबलावर एक गोष्ट पाहण्यासारखी असते. झडप तो स्वतः करतो, चाप स्वतः घासतो, दस्त्याचे लाकूड स्वतः कोरतो. हवेचे भांडे मात्र शहाणा कारागीर स्वतः करीत नाही. ते तो शिक्का मारलेले, तपासलेले विकत आणतो. गिरार्डोनीला जे स्वतः करावे लागले ते आज कोणी करू नये, आणि याचे कारण पुन्हा हिशेबाने सांगतो. अर्धा लिटर मावेल एवढे भांडे दोनशे पट दाबाने भरलेले आहे. ते फुटले तर हवा त्या क्षणी बाहेर पसरताना जे काम करील ते सुमारे २०,००० ज्यूल. सत्तर किलोच्या माणसाला जमिनीवरून उचलून आठनऊ मजली इमारतीच्या गच्चीवर टाकायला एवढी शक्ती पुरते. अर्ध्या लिटरच्या भांड्यात!

म्हणूनच अशी भांडी तपासतात ती हवेने नव्हे, पाण्याने. पुष्कळांना हे उलटे वाटते. हवेचे भांडे, मग हवेनेच का तपासू नये? पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून ते ठेव ठेवूनही घेत नाही. पाण्याच्या दाबाखाली भांड्याला चीर गेली तर चमचाभर पाणी सांडते, दाब शून्यावर येतो, आणि तपासणारा फडक्याने हात पुसतो. हवेच्या दाबाखाली तीच चीर गेली तर त्याला हात उरत नाहीत. नेमबाजीच्या जागतिक स्पर्धांत आपल्या बंदुकीच्या हवेच्या नळकांड्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले ते दहा मीटरवरच्या हवाबंदुकीचेच. तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. त्या बंदुकीला जोर नको, सारखेपणा हवा. पण कोंडलेली हवा तिथेही कोंडलेलीच, म्हणून मुदत तिथेही आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, हे तरुण कारागिरांनी ध्यानात ठेवावे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलहून अधिक जोराची किंवा साडेचार मिलिमीटरहून रुंद नळीची हवाबंदूक परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि परवान्याशिवाय करता तर मुळीच येत नाही. गिरार्डोनीची बंदूक या मापाने शंभर ज्यूलच्या पुढे जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या गाळ्यांत ती करू शकणारे हात आहेत, याची आम्हांला शंका नाही. पण उत्साहाच्या भरात तिकडे वळू नये. कायद्याने आखलेली ही मर्यादा आम्हांला योग्य वाटते.

मात्र हा वीस ज्यूलचा आकडा वाचला की आमची नजर वेगळीकडे जाते. आपल्या रस्त्यावर पंक्चरवाल्याच्या दुकानात कंप्रेसरची टाकी असते. दोनशे लिटरची, आठ किलो दाबाची. दाब बंदुकीपेक्षा कितीतरी कमी, म्हणून ती गरीब वाटते. पण हिशेब करा. टाकी मोठी आहे. तिच्यात कोंडलेले काम २ लाख ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे मघाच्या भांड्याच्या दसपट. कारखान्यांच्या कायद्यात दाबाच्या भांड्यांची तपासणी सांगितलेली आहे. परंतु त्या कायद्याची वेस कामगारांच्या संख्येवर ठरते, आणि एक मालक व दोन पोरे असलेले दुकान त्या वेशीबाहेर पडते. टाकीला एक सुरक्षा-झडप असते. ती मधूनमधून फुसकारते म्हणून कोणीतरी तिचा स्क्रू पक्का आवळून ठेवतो. टाकीच्या बुडाशी एक छोटी तोटी असते. दाबलेल्या हवेतली वाफ पाणी होऊन बुडाशी साठते आणि पत्रा आतून खाते. ते पाणी रोज संध्याकाळी तोटी उघडून सोडायचे असते. गेल्या वर्षभरात आम्ही ज्या ज्या दुकानांत चौकशी केली, तिथे मालकाला ती तोटी माहीत होती. ती शेवटची केव्हा उघडली, याचे उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी पोराने दिले: "उघडत नाही साहेब, गंजलीय."